कंपनीच्या दप्तरात राहिलेले जुने नाव

लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीचे नाव बदलण्याचे काम आपल्या घरांत किती सहज होते, ते वाचकांनी क्षणभर आठवून पाहावे. मधले वडिलांचे नाव जाऊन पतीचे येते, आडनाव बदलते. मागच्या पिढीत तर ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून पहिले नावही बदलले जाई. विवाहनोंदणीचा दाखला, एखादे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत आणि सोबत एक अर्ज, एवढ्या भांडवलावर बँक, गॅस एजन्सी, विमा कंपनी, नोकरीचे ठिकाण अशा सगळीकडे तिची नवी ओळख रुजू होते. 'खरेच लग्न झाले आहे ना? संसाराचा तपशील सांगा पाहू,' असे कोणताही कारकून तिला विचारत नाही. माणसाचे नाव बदलू शकते, ही गोष्ट आपल्या कार्यालयांना मुळीच नवी नाही.

पण लिंगपरिवर्तनाच्या प्रवासातून गेलेल्या एखाद्या मुलाने वा मुलीने हीच दुरुस्ती मागितली, की तीच कार्यालये गोंधळून जातात. 'वर विचारावे लागेल', 'आमच्या प्रणालीत तशी सोय नाही', 'शस्त्रक्रियेचे कागद आणा' अशी उत्तरे मिळू लागतात आणि महिने उलटत राहतात.

हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. मी साधी एमबीबीएस डॉक्टर आहे. संप्रेरकांचे उपचार आणि शस्त्रक्रिया ही तज्ज्ञांची क्षेत्रे. परंतु कुटुंबाची डॉक्टर म्हणून या मुलांचा ताप, खोकला, रक्तदाब, कावीळ माझ्याकडेच येतात, आणि त्यांचे आईवडीलही येतात. गेल्या काही वर्षांत माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की तज्ज्ञांकडचे उपचार बहुधा नीट पार पडतात. गाडे अडते ते नोंदींपाशी, आणि नोंद अडली की हळूहळू प्रकृतीही अडते.

आधी शब्दांविषयी थोडेसे. शासकीय कागदांत 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ आहे. पण तो उच्चारला की अनेकांच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट परंपरा आणि पेहराव उभा राहतो. जन्माच्या वेळी जे लिंग नोंदले गेले त्याहून वेगळी स्वतःची ओळख असणाऱ्या सर्वच व्यक्तींसाठी 'पारलिंगी' हा शब्द अलीकडे वापरला जातो, तोच मी येथे वापरते. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेला, पण पुरुष म्हणून जगणारा तो पारलिंगी पुरुष, आणि याच्या उलट ती पारलिंगी स्त्री. हा आजार नव्हे, हेही सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून घेतलेला आहे.

माझ्याकडे लहानपणापासून येणारा एक तरुण आहे. त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेले आहेत. वय २९, एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू होऊन बराच काळ झाला होता. दाढी आली होती, आवाज बदलला होता. जिल्हाधिकाऱ्यांकडचे प्रमाणपत्र झाले होते, राजपत्रात नाव छापून आले होते, आधार आणि पॅन बदलून झाले होते. उरली होती ती कंपनी. मनुष्यबळ विभागाने अर्ज ठेवून घेतला आणि उत्तर दिले, की लिंगाचा रकाना नोकरीवर रुजू होतानाच एकदा भरला जातो, नंतर तो उघडत नाही.

याच काळात त्याच्या ओटीपोटात दुखू लागले. सोनोग्राफीत उजव्या बीजांडकोशावर साधारण ७ सेंटिमीटरची गाठ दिसली. ती घातक वाटत नव्हती, पण एवढ्या आकाराची गाठ बीजांडकोशाला पीळ पाडू शकते. म्हणून सवडीने, दुर्बिणीतून ती काढून घ्यावी असे स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुचवले. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा होता, त्यामुळे पैशांची चिंता नव्हती. तो रुग्णालयाच्या विमा खिडकीशी गेला. विम्याच्या कार्डावर जुने नाव आणि 'स्त्री', हातातल्या आधार कार्डावर नवे नाव आणि 'पुरुष'. खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "हे कार्ड कोणाचं? बहिणीचं आणलंय का?"

तो कार्ड उचलून घरी आला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि दुखेल तेव्हा वेदनाशामक गोळ्या घेत राहिला. नववा आठवडा असेल, एका रात्री असह्य कळा आणि उलट्या सुरू झाल्या. बीजांडकोशाला पीळ पडला होता. रक्तपुरवठा इतका वेळ थांबला होता, की तो बीजांडकोश काढावाच लागला. अनामत रकमेसाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या. विमा कंपनीने ती रक्कम पुढे परत दिली, हे खरे. पण कारखान्याने दुरुस्त नोंदीचे पत्र दिल्यानंतरच दिली, आणि त्याला पाच महिने लागले.

शल्यचिकित्सेच्या पुस्तकात अशा पिळाची जी कारणे दिलेली असतात, त्यांत मनुष्यबळ विभागाचा बंद रकाना नसतो. माझ्या मते तो येथे लिहिला पाहिजे.

प्रयोगशाळेच्या अहवालातील तो एक शब्द

रक्ततपासणीच्या अहवालात आपल्या आकड्याशेजारी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते. अनेक तपासण्यांत ती मर्यादा स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी निरनिराळी असते, आणि कोणती छापायची हे संगणक आपल्या नोंदीतील लिंगावरून ठरवतो. हिमोग्लोबिनचेच पाहा. पुरुषात १३ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅमच्या खाली पंडुरोग समजतात. संप्रेरकोपचार सुरू असलेल्या पारलिंगी स्त्रीचे हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरून स्त्रियांच्या पातळीला येते. जुन्या नोंदीत 'पुरुष' असेल, तर १२.४ या तिच्या ठीकठाक आकड्यासमोर धोक्याची खूण येते आणि घरचे तिला लोहाच्या गोळ्या देऊ लागतात. पारलिंगी पुरुषाचे उलट. टेस्टोस्टेरॉनने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. नोंद 'स्त्री' असेल तर १६ हा आकडा अकारण घाबरवतो. मात्र तांबड्या पेशींचे प्रमाण दर्शवणारे हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या पुढे गेले, तर ते खरोखरच चिंतेचे असते आणि औषधाची मात्रा कमी करावी लागते. दर खेपेला खोटी घंटा वाजत राहिली, की खऱ्या घंटेकडेही कुणी लक्ष देत नाही.

मूत्रपिंडांच्या कार्यक्षमतेचा अंदाज सांगणाऱ्या सूत्रातही लिंग हा एक घटक आहे. हृदयाच्या आलेखातील काही मोजमापांच्या मर्यादाही निरनिराळ्या आहेत. म्हणून अशा व्यक्तीचा अहवाल वाचताना नोंद काय आहे, संप्रेरकोपचार सुरू आहेत का आणि केव्हापासून, हे डॉक्टरला माहीत असावे लागते. छापील मर्यादेवर विसंबून घरच्या घरी निष्कर्ष काढू नयेत.

आता याची दुसरी बाजू, आणि कुटुंबांचा घोटाळा नेमका येथे होतो. नोंद बदलली म्हणून शरीरातील अवयव बदलत नाहीत. पारलिंगी पुरुषाचे गर्भाशयमुख शाबूत असेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची नियमित तपासणी त्यालाही हवी. पण नोंदीत 'पुरुष' आल्यावर आरोग्य तपासणीच्या पॅकेजमधून ती तपासणी आपोआप गळते. पारलिंगी स्त्रीच्या बाबतीत, शस्त्रक्रियेनंतरही पुरःस्थ ग्रंथी सहसा जागेवरच ठेवलेली असते. उतारवयात लघवीची तक्रार उद्भवली, तर त्या ग्रंथीचा विचार झाला पाहिजे. इस्ट्रोजेन घेत असल्यास पीएसए या तपासणीचा आकडा मुळातच कमी येतो, हेही डॉक्टरच्या ध्यानात असावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली, तरी ते गर्भनिरोधक नव्हे. गर्भाशय आणि बीजांडकोश असतील तर गर्भ राहू शकतो, आणि हे औषध गर्भाला अपायकारक आहे.

म्हणजे नोंदी दोन प्रकारच्या आहेत. एक नोंद ओळखीची: नाव, लिंग, छायाचित्र. ती सर्वत्र एकसारखी आणि बदललेलीच असली पाहिजे. दुसरी नोंद शरीराची: कोणते अवयव आहेत, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, कोणती संप्रेरके चालू आहेत. ती डॉक्टरच्या कागदांत पूर्ण असावी, आणि कंपनीच्या दप्तरात तिचे मुळीच काम नाही. प्रत्यक्षात घडते ते उलट. मनुष्यबळ विभाग शस्त्रक्रियेची चौकशी करतो आणि डॉक्टरला मात्र संकोचापोटी काही सांगितले जात नाही. माझ्या त्या तरुणाच्या विम्याच्या प्रकरणात, नोंद 'पुरुष' झाल्यावर विमा कंपनीच्या संगणकाने अपेक्षेप्रमाणे दुसरा प्रश्न काढलाच, की पुरुषाला बीजांडकोशाची शस्त्रक्रिया कशी? उपचार करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाच ओळींच्या पत्राने त्याचे उत्तर झाले. ते पत्र विमा कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे बंद लिफाफ्यात गेले, कारखान्याच्या मार्फत नव्हे. ही तजवीज आधीच करून ठेवता येते.

कायदा काय देतो

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल देऊन, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुढे पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला आणि त्याच वर्षी त्याचे नियमही आले. या कायद्यावर अनेक पारलिंगी व्यक्तींचे आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही मला रास्त वाटतात. पण हातात जे साधन आहे ते वापरता आले पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र घेणे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. सोबत प्रतिज्ञापत्र लागते. २०२० च्या नियमांनुसार या प्रमाणपत्रासाठी कोणतीही वैद्यकीय वा शारीरिक तपासणी करायची नसते, आणि ते ३० दिवसांत मिळायला हवे. शस्त्रक्रिया झाल्यावर 'पुरुष' किंवा 'स्त्री' असे सुधारित प्रमाणपत्र हवे असेल, तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला लागतो. तो दाखला जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा असतो. प्रमाणपत्र निघाल्यावर कंपनीला, बँकेला किंवा मोबाइल सेवा देणाऱ्याला शस्त्रक्रियेचे कागद मागण्याचे कारणच उरत नाही. हे वाक्य वाचकांनी अधोरेखित करून ठेवावे, कारण सर्वाधिक अडवणूक याच मुद्द्यावर होते.

या प्रमाणपत्राच्या आधारे शासकीय दस्तऐवजांतील नाव, लिंग आणि छायाचित्र अर्ज केल्यापासून १५ दिवसांत बदलून द्यावे, असे नियम सांगतात. ही मुदत ते दस्तऐवज देणाऱ्या कार्यालयांसाठी आहे. खासगी कंपनीच्या आतल्या नोंदींसाठी आधार घ्यायचा तो कायद्याच्या तिसऱ्या आणि नवव्या कलमांचा. सेवा देताना व नोकरीत भेदभाव करण्यास ती कलमे मनाई करतात. अकराव्या कलमानुसार प्रत्येक आस्थापनेने एक तक्रार अधिकारी नेमायचा आहे, आणि आस्थापनेत खासगी कंपनीही येते. तक्रार आल्यावर त्या अधिकाऱ्याने १५ दिवसांत चौकशी करायची असते. याशिवाय कंपनीने समान संधीचे धोरण प्रसिद्ध करायचे असते, आणि त्यात कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीच्या गोपनीयतेची तरतूद असावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही स्वतःची माहिती दुरुस्त व अद्ययावत करून घेण्याचा हक्क आहे.

तक्रार अधिकारी म्हटले की काही आईवडिलांना कोर्टकचेरीची धास्ती वाटते. माझा अनुभव असा, की त्या पदाचा नुसता उल्लेख अर्जात केला तरी फाइल हलते. 'आपल्या आस्थापनेच्या तक्रार अधिकाऱ्यांचे नाव व ईमेल कळवावे' एवढे एक नम्र वाक्य अर्जाच्या शेवटी घालावे.

अर्ज नेमका कशासाठी

'माझे नाव व लिंग बदलावे' असा एका ओळीचा अर्ज देऊ नये. कंपनीत एका माणसाची नोंद एका जागी नसते. पगारपत्रक, ईमेलचा पत्ता, ओळखपत्र, फाटकावरील हजेरीचे यंत्र, उपाहारगृहाचे कार्ड, सामूहिक विमा, भविष्यनिर्वाह निधी, उपदानाचे नामनिर्देशन, प्राप्तिकराचा फॉर्म १६, कारखान्याच्या डॉक्टरकडील वार्षिक तपासणीची फाइल, आणीबाणीत कळवायच्या माणसांची यादी, इतक्या ठिकाणी ती विखुरलेली असते. मुख्य नोंद बदलली, तरी यांतील निम्म्या जागी जुने नाव तसेच राहते आणि नको त्या क्षणी वर येते. म्हणून अर्जात या सर्व जागा नावानिशी लिहाव्यात, प्रत्येकीसमोर तारखेसाठी कोरी जागा ठेवावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणे झाल्यास त्याच दिवशी 'आज आपण असे म्हणालात' असा छोटा ईमेल पाठवावा.

भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील दुरुस्तीसाठी कर्मचारी आणि कंपनी यांचे संयुक्त घोषणापत्र लागू शकते. म्हणजे येथे कंपनीची सही घ्यावी लागू शकते. तेथील माहिती आधारशी जुळली नाही तर पैसे काढताना अडते, आणि नेमके आजारपणात पैसे काढायची वेळ येते. त्यामुळे आधी आधार, मग पॅन आणि बँक, मग कंपनी, हा क्रम ठेवलेला बरा.

जुनी नोंद पुसून टाका, असाही आग्रह धरू नये. मागील नोकरीचा दाखला, जुना विमादावा, पूर्वीचे प्राप्तिकर विवरण यांच्याशी दुवा राहावा लागतो. मागायचे ते एवढेच, की पूर्वीचे नाव बंद फाइलमध्ये राहावे, ती उघडण्याचा अधिकार एका-दोघांनाच असावा, आणि रोजच्या पडद्यावर ते दिसू नये. अनुभवाचा दाखला मात्र नव्याच नावाने मागून घ्यावा.

'प्रणालीत सोय नाही' या उत्तराविषयी थोडे. हे बहुतेक वेळा खोटे नसते, अर्धवट असते. लिंगाचा रकाना प्रसूतिरजा, विमा, शासनाला द्यायची विवरणपत्रे यांना जोडलेला असतो, म्हणून साध्या कर्मचाऱ्याला तो बदलता येऊ नये असे कुलूप घातलेले असते. कुलूप आहे याचा अर्थ किल्लीही कुणाकडे तरी आहे, बहुधा संगणकप्रणाली पुरवणाऱ्याकडे. माझ्या त्या तरुणाचे वडील एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. रुग्णालयातून घरी आल्यावर मुलाबरोबर तेही कारखान्यात गेले. मनुष्यबळ अधिकारी असलेल्या बाईंपुढे त्यांनी अर्ज ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, एकतीस वर्षं वेबिल लिहिलं मी. आकडा चुकला तर त्यावर रेघ मारून, बरोबर आकडा लिहून सही करायची, असं आम्हाला शिकवलं होतं. तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीत रेघ मारायची सोय नाही?" बाईंनी त्याच दिवशी प्रणाली पुरवणाऱ्याला पत्र पाठवले. अकराव्या दिवशी रकाना उघडला. वडील सोबत होते म्हणून काम झाले की अर्ज या वेळी लेखी होता म्हणून, ते मला सांगता येणार नाही. पण मुलाने मला फोन करून आधी सांगितले ते वडिलांचे वाक्य, रकान्याचे नंतर.

नव्या नावातही मधले नाव त्यांचेच आहे. मराठी माणसाच्या नावात वडील असे कायमचे मध्यभागी बसलेले असतात. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात मुलांच्या शासकीय कागदांत आईचे नावही लिहिणे बंधनकारक झाले आहे. नमुने बदलायचे ठरवले की बदलतात.

बँकांविषयी लिहायचे तर, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्येच सर्व अर्जांत तृतीय लिंगाचा पर्याय ठेवण्यास बँकांना सांगितले आहे. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. विम्यासाठी विमा नियामकांचे 'बिमा भरोसा' हे तक्रार पोर्टल आहे. बँकेतील नाव बदलण्यास विलंब लावू नये, याचे एक अगदी साधे कारण आहे. औषधाच्या दुकानात मोबाइलने पैसे दिले, की दुकानदाराला खात्यावरचे नाव दिसते. दाढीधारी तरुणाने पैसे दिले आणि नाव मुलीचे आले, की दुकानदार मान वर करून पाहतो. असे दोनदा झाल्यावर तो तरुण त्या दुकानात जात नाही, आणि लांबचे दुकान गाठायचा कंटाळा आला की औषध चुकते. माझ्याकडील एका पारलिंगी स्त्रीचा रक्तदाब तीन महिने आटोक्यात येईना, त्याचे कारण शेवटी हेच निघाले.

खासगी प्रयोगशाळांत नोंद मोबाइल क्रमांकाला जोडलेली असते, आणि आपल्याकडे एकाच क्रमांकावर सारे घर नोंदलेले असते. नमुना घ्यायला आलेला मुलगा यादीतले जुने नाव निवडून मोकळा होतो. मग अर्धे अहवाल एका नावाने, अर्धे दुसऱ्या, आणि वर्षभरात आकडा चढला की उतरला ते कुणालाच कळत नाही. प्रयोगशाळेला ईमेल करून दोन्ही नोंदी एकत्र करून घ्याव्यात आणि जुने नाव यादीतून काढायला सांगावे. दवाखान्यांनीही रांगेत पूर्ण नाव पुकारण्याऐवजी क्रमांक पुकारावा. माझ्याकडे क्रमांकच पुकारतात, आणि त्याचा फायदा इतर रुग्णांनाही होतो.

घरी एक जाड फाइल करावी. पहिल्या पानावर जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र, त्यामागे राजपत्राची प्रत, मग नवे आधार आणि पॅन, मग प्रत्येक कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार. आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून एक अर्ध्या पानाचे वैद्यकीय टिपण घेऊन ते वेगळ्या पाकिटात ठेवावे. त्यात चालू औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया, असलेले अवयव, रक्तगट, ॲलर्जी आणि तज्ज्ञांचा फोन असावा. हे पाकीट रुग्णालयासाठी आहे, फाइल कंपन्यांसाठी. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. रात्रीच्या वेळी बेशुद्ध अवस्थेत कुणाला नेण्याची वेळ आली, तर ते पाकीट कोठे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे.

शेवटी आईवडिलांनी स्वतःच्या कागदांकडेही पाहावे, कारण मुलाच्या कंपनीशी भांडताना हे हमखास राहून जाते. आपला स्वतःचा मेडिक्लेम, शिधापत्रिका, निवृत्तिवेतनाचे कागद, पोस्टातील ठेवी, सोसायटीतील भागपत्र या सर्वांत वारस म्हणून आपल्या अपत्याचे जुने नाव आणि जुने नाते लिहिलेले असते. आपल्या पश्चात 'मुलगी' म्हणून नोंदलेल्या व्यक्तीच्या जागी मुलगा उभा राहिला, तर ऐन दुःखात त्याला पुन्हा सगळी खिडक्यांची रांग पार करावी लागेल. नामनिर्देशन बदलण्याचा फॉर्म बँकेत आणि पोस्टात तिथल्या तिथे मिळतो. नव्या नावाने, नव्या नात्याने तो आताच भरून द्यावा आणि पोच त्याच जाड फाइलमध्ये लावावी.